तळे एकदम जागे होत नाही

कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, पाळणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे: थंडी निभावली की मासा वाचला. पण थंडीभर तळाशी निपचित पडून राहिलेला धडधाकट मासा पाणी बारा-चौदा अंशांवर आल्यावर अंगावर व्रण घेऊन फिरू लागतो, नाहीतर सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतो. तळ्यातले सगळे जीव एकाच वेळी जागे होत नाहीत, हे त्याचे मूळ कारण.

कोईचे शरीर पाण्याइतकेच गार किंवा उबदार असते. त्याच्या शरीराचे सगळे काम, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करण्याचे कामसुद्धा, पाण्याच्या तापमानावर चालते. साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली हे काम जवळजवळ ठप्प असते. एरोमोनास जातीचे जिवाणू मात्र त्याआधीच वाढू लागतात. चिलोडोनेला आणि कॉस्टिया या परजीवींना तर गार पाणीच मानवते. म्हणजे हल्लेखोर हिंडूफिरू लागलेले आणि पहारेकरी अजून झोपेत, अशी काही आठवड्यांची फट पडते. एरवी सहज भरून येणारे खरचटणेही या दिवसांत व्रण होऊन बसते.

या फटीत मासा तगणार की नाही, हे बरेचसे फिल्टरवर अवलंबून असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. फिल्टरमधल्या जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. दहा अंशांखाली दोन्ही गट मंदावतात, आणि पाणी तापू लागल्यावर दुसरा गट बहुधा पहिल्याच्या मागे राहतो. म्हणून आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागताच नायट्राइट चढते. अनेकजण अमोनिया शून्यावर आलेला पाहून टेस्ट किट कपाटात ठेवतात. तपासणी चालू ठेवायची ती नेमकी तेव्हाच.

नायट्राइट माशाच्या अंगात कसे शिरते, हे बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात. ही तूट भरून काढण्यासाठी कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातला क्लोराइड आयन ओढून घेतात आणि बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडतात. नायट्राइटवरही एकच ऋण प्रभार असतो आणि या पेशींना दोघांतला फरक कळत नाही. त्यामुळे रक्तातले नायट्राइट पाण्यातल्या नायट्राइटच्या कितीतरी पट वाढू शकते. तिथे ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडीकरण करते, आणि असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी होते, कल्ले लालभडक असायचे ते तपकिरी दिसतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो.

आता पाण्यात क्लोराइड वाढवले तर? दार तेच, पण रांगेत क्लोराइडची गर्दी. नायट्राइटला आत शिरायला वाव कमी. हजार लिटरला 1 किलो साधे मीठ, म्हणजे 0.1 टक्का, टाकले की लिटरमागे सुमारे 600 मिलिग्रॅम क्लोराइड मिळते, आणि घरच्या तळ्यात चढणाऱ्या नायट्राइटला ते सहसा पुरते. मीठ गुठळ्या न होण्यासाठीचे रसायन न मिसळलेले घ्यावे, बादलीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत सोडावे. ते बाष्पीभवनाने जात नाही, फक्त पाणी बदलल्यावर कमी होते. तेव्हा अंदाजाने पुन्हा ओतू नये. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खनिज) असेल तर आधी काढून ठेवा, कारण मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरून ठेवलेला अमोनिया परत सोडून देतो.

दुसरी बाजू क्षारतेची, म्हणजे केएचची: पाण्याचा सामू (पीएच) स्थिर राखण्याच्या क्षमतेची. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7.1 ग्रॅम क्षारता खर्च होते. 30 टक्के प्रथिनांचे 100 ग्रॅम खाद्य रोज दिले की रोज अंदाजे 2.8 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. 5,000 लिटरच्या तळ्यात फिल्टर झोपलेला असेल तर अमोनिया रोज लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त वाढेल. फिल्टर जागा असेल तर रोज सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 4 मिलिग्रॅम क्षारता गळेल. लिटरमागे 80 मिलिग्रॅमवरून सुरुवात केली तर तीनेक आठवड्यांत ती संपते, सामू कोसळतो आणि जिवाणू पुन्हा थंडावतात. 20 ग्रॅम भरून काढायला साधारण 34 ग्रॅम खायचा सोडा लागतो.

तेव्हा खाद्याचा हात आखडता ठेवा. तापमान पहाटे आणि माशांच्या खोलीवर मोजायचे. दुपारी पृष्ठभागावर बुडवलेला थर्मामीटर फसवतो. पहाटेचे तापमान सलग आठवडाभर 10 च्या वर राहिल्याशिवाय दाणा टाकू नये. 10 ते 15 अंशांत गव्हाच्या अंकुराचे कमी प्रथिनांचे खाद्य, एक दिवसाआड, भर दुपारी, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. कार्पला जठर नसते, खाल्लेले थेट आतड्यात जाते आणि गार पाण्यात तिथे ते फार सावकाश पचते. मासे वर येऊन तोंड उघडतात म्हणून त्यांना भूक लागली असे धरून चालू नका. आधी कल्ले पाहा, नायट्राइट मोजा.

फिल्टर थंडीत बंद ठेवला असेल तर आतले कुजलेले पाणी तळ्यात सोडायचे नाही. ते आधी काढून टाका, जिवाणू ज्यावर वाढतात ते फिल्टरमधले माध्यम तळ्याच्याच पाण्यात खळबळा, मगच पंप चालू करा. क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुतले तर उरलेसुरले जिवाणूही मरतात. पाणी आठवड्याला दोनदा दहा-दहा टक्के बदलावे, नव्या पाण्यातला क्लोरीन आधी काढून आणि तापमानात दोन अंशांहून जास्त फरक पडू न देता. तळाचा गाळ एकाच दिवशी उपसू नये. थोडा थोडा शोषून काढावा. सडक्या अंड्यांचा वास आला तर तिथेच थांबून हवेचा पंप जोरात चालू ठेवावा.

बाटलीतल्या ‘जिवंत जिवाणूं’च्या जाहिराती याच दिवसांत जोरात असतात. सहा अंश पाण्यात बाटली ओतली म्हणून त्यांचे काम वेगाने होत नाही. ऊब आणि वेळ लागतोच. त्याहून घातक म्हणजे मासे ठणठणीत असताना ‘खबरदारी म्हणून’ सगळ्या तळ्याला औषध मारणे. फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेट कल्ल्यांना त्रास देतात, आणि नुकत्याच सावरू लागलेल्या फिल्टरलाही मार देऊ शकतात.

मासे तळाशी अंग घासत असतील, कुशी चमकताना दिसत असतील, तर आधी सूक्ष्मदर्शक काढा. छातीच्या परामागून काचपट्टी डोक्याकडून शेपटीकडे अलगद फिरवा, त्यावर तळ्याच्या पाण्याचा थेंब टाका, वर आच्छादक काच ठेवून 100 पट मोठे करून पाहा. बदामाच्या आकाराची, संथ सरकणारी ती चिलोडोनेला. बशीसारखी गोल, गरगरणारी ती ट्रायकोडिना. कॉस्टिया दिसायला 400 पट लागते. स्वल्पविरामाच्या आकाराचा ठिपका लुकलुकत पळताना दिसतो. औषध यानंतर ठरवायचे, आणि त्याची मात्रा पाण्याच्या मोजलेल्या घनफळावरून, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.