लायना रिंक: बर्फावर छत आलं, मग संघ उभा राहिला

न्यूयॉर्क राज्यातलं इथाका हे टेकड्यांमधलं विद्यापीठाचं गाव. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठातून शिकून गेलेल्यांना जुने दिवस विचारले, की प्राध्यापकांची नावं मागाहून निघतात, आधी निघते लायना रिंक, म्हणजे तिथलं हॉकीचं मैदान. ही हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स, चेंडूच्या जागी रबराची चकती आणि गोलरक्षकाच्या अंगावर चिलखत म्हणावं इतका सरंजाम.

रिंक व्हायच्या आधी कॉर्नेलची मुलं बीबी तळ्यावर खेळत. तळं कॅम्पसातच, त्यामुळे जागेला पैसे पडत नव्हते. पण बर्फ निसर्गाच्या मर्जीवर. थंडी उशिरा आली की सराव बुडाला, मध्येच ऊन तापलं की सामना रद्द. तरीही १९११ साली या संघाने सगळे सामने जिंकून आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवलं होतं. पुढे निकी बॉल्फ या कॅनेडियन प्रशिक्षकाने दोन तपांहून अधिक काळ संघ रेटला. १९४७ मध्ये ते वारले आणि लवकरच विद्यापीठाने हॉकी बंदच करून टाकली. जवळजवळ दहा वर्षं कॉर्नेलला संघ नव्हता.

१९५७ मध्ये चित्र पालटलं. ड्युपाँट कंपनीचे अध्यक्ष राहिलेले माजी विद्यार्थी वॉल्टर कारपेंटर यांनी बंदिस्त रिंकसाठी देणगी दिली आणि नाव मात्र आपल्या मित्राचं लावलं. हे मित्र म्हणजे जेम्स लायना, विद्यापीठाचे एकेकाळचे क्रीडा संचालक. देणगीदाराची पाटी दारावर झळकावण्याची हौस सगळीकडेच असते, म्हणून हे नमूद करावंसं वाटतं.

छप्पर आलं ही अर्धीच गोष्ट, खरी करामत जमिनीखाली. काँक्रीटच्या फरशीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेलं द्रावण फिरत राहतं आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ धरतो. सामन्याच्या मध्यंतरात झँबोनी यंत्र बर्फाचा खरवडलेला थर काढून घेतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरवतं. गरमच का, तर त्यात हवा कमी विरघळलेली असते आणि वरचा थर किंचित वितळवून ते त्याच्याशी एकजीव होतं. थंड पाणी ओतलं तर पापुद्रा धरतो आणि स्केटखाली उचकटतो. बाहेर ऊन असो वा पाऊस, आता रोज सराव होऊ लागला.

म्हणून लगेच संघ जिंकायला लागला असं नाही. सुरुवातीची वर्षं मार खाण्यातच गेली. १९६३ मध्ये नेड हार्कनेस आले. न्यूयॉर्क राज्यातल्याच आरपीआय या तांत्रिक महाविद्यालयाला त्यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. जन्म कॅनडातल्या ओटावाचा, त्यामुळे कुठली मुलं हेरायची हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. ऑन्टारिओ या कॅनडाच्या प्रांतातून एकेक पोरगा इथाकात येऊ लागला. त्यांपैकी केन ड्रायडन हा उंचापुरा गोलरक्षक इतिहास विषय घेऊन शिकत होता. तीन हंगामांत त्याने ७६ सामने जिंकले, फक्त चार गमावले. १९६७ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीला ४-१ ने हरवून कॉर्नेल पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. ड्रायडन पुढे माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाकडून सहा वेळा स्टॅन्ली कप हा तिकडच्या हॉकीतला सर्वोच्च चषक जिंकला आणि नंतर कॅनडात मंत्रीही झाला.

गंमत म्हणजे संघाचं सर्वांत मोठं वर्ष ड्रायडन गेल्यावर आलं. १९६९-७० च्या हंगामात २९ सामने, २९ विजय. लेक प्लॅसिडच्या अंतिम सामन्यात क्लार्कसन विद्यापीठाविरुद्ध डॅन लोडबोआने शेवटच्या सत्रात तीन गोल ठोकले आणि ६-४ ने सामना खिशात घातला. एकही पराभव किंवा बरोबरी न होता अमेरिकी महाविद्यालयीन पुरुष हॉकीच्या अव्वल गटात राष्ट्रीय विजेता झालेला दुसरा संघ आजवर नाही. घरच्या बर्फावर तर १९६७ ते १९७२ दरम्यान लागोपाठ ६३ विजय.

त्यात प्रेक्षकांचा वाटा किती, हे पाहुण्या संघांना विचारावं. रिंक लहान, माणसं चारेक हजार, आवाज मात्र दुप्पट. हंगामाच्या तिकिटांसाठी विद्यार्थी रात्ररात्र रांगेत झोपत. पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारली जाताना सगळे वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, जणू कोण आलंय याच्याशी देणंघेणंच नाही; मग त्याच कागदांचे बोळे बर्फावर. राष्ट्रगीतात 'रेड' शब्द आला की सारी रिंक तो ओरडते, कारण लाल हा कॉर्नेलचा रंग.

आणि मासे. कॉर्नेलमध्ये कृषी महाविद्यालय आहे आणि त्यावरून हार्वर्डवाले नेहमी नाक मुरडत. १९७३ मध्ये हार्वर्डच्या रिंकवर कॉर्नेलच्या गोलरक्षकाच्या दिशेने चक्क कोंबडी फेकली गेली. उत्तर इथाकात मिळालं: हार्वर्ड बोस्टनच्या कुशीतलं, बोस्टन मासेमारीचं बंदर, तेव्हा संघ बर्फावर उतरताच माशांचा मारा. ही प्रथा अजून टिकून आहे. तपासणी चुकवायला पोरं मासे कपड्यांच्या आत दडवून आणतात. हार्वर्डचा संघ बर्फावर येतानाच ते फेकायचे, कारण खेळ सुरू झाल्यावर मासा पडला तर शिक्षा आपल्याच संघाला.

२००६ मध्ये रिंकची डागडुजी होऊन खुर्च्या थोड्या वाढल्या. १९७० च्या दशकात सुरू झालेला महिलांचा संघ २०१० मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीन जादा सत्रांनंतर मिनेसोटा-डुलुथकडून ३-२ ने हरला. पुरुषांचा संघ मार्च २०२० मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर होता, तेवढ्यात कोविडमुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. १९७० नंतरच्या विजेतेपदाची वाट कॉर्नेल अजून पाहतंय.