पाळीव कॅमेलियनची तब्येत आणि कातडीतले बदल

कॅमेलियन हा सरड्यांमधलाच एक वेगळा गट आहे, कॅमेलिओनिडी नावाचं कुळ, त्यात २०० च्या वर जाती आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमधे. घरात पाळल्या जाणाऱ्या जाती मात्र बोटावर मोजण्याइतक्याच. डोक्यावर उंच तुरा असलेला येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला व्हेल्ड, मादागास्करचा पँथर, आणि केनिया टांझानियाच्या डोंगरातला जॅक्सन्स, ज्याच्या नराला तीन शिंगं असतात आणि मादी अंडी न घालता सरळ पिल्लंच देते. व्हेल्ड आणि पँथर नीट सांभाळले तर साधारण ५ ते ७ वर्षं जगतात, माद्या बहुतेक वेळा त्याहून कमी, कारण अंड्यांचा ताण त्यांच्या शरीरावर फार पडतो.

हा प्राणी दुखणं अंगावर काढतो. जंगलात आजारी दिसला की कोणीतरी खाणार, म्हणून शेवटपर्यंत फांदी धरून ठीक असल्यासारखा बसून राहतो आणि पाळणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणूनच कातडीकडे लक्ष ठेवणं हा त्याच्या देखभालीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्यात पहिला प्रश्न एवढाच की दिसतोय तो बदल येणारा-जाणारा आहे की एकाच जागी मुक्काम ठोकून बसलाय.

येणारा-जाणारा रंग

सभोवतालच्या रंगात मिसळून जाण्यासाठी कॅमेलियन रंग बदलतो हा समज सगळीकडे आहे पण रंगाचं मुख्य काम ते नाहीच. तापमान, मूड, समोर दुसरा नर आहे का मादी, यावर रंग ठरतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर कॅमेलियनवर काम करून दाखवलं की कातडीतल्या इरिडोफोर नावाच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असला की स्फटिक जवळजवळ असतात, निळा प्रकाश परत फेकला जातो, त्यात कातडीतला पिवळा रंग मिसळून आपल्याला हिरवं दिसतं. चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचं पिवळं, केशरी होतं. गडदपणा मात्र वेगळ्या पेशींमुळे येतो, त्यांच्यातलं मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य पसरलं की अंग काळपट.

हे माहीत असलं की रोजच्या बऱ्याच गोष्टींची भीती जाते. सकाळी दिवा लागल्यावर तो काळपट होऊन अंग चपटं करून एक बाजू दिव्याकडे धरतो, हे ऊन शेकणं झालं, गरम झाला की आपोआप उजळतो. पण दुपारपर्यंत काळाच राहिला तर एक तर पिंजरा थंड आहे, नाहीतर त्याला कशाचा तरी ताण आहे, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय, शेजारी दुसरा कॅमेलियन आहे, किंवा पिंजरा इतका खाली ठेवलाय की माणसं सारखी वरून डोकावतात. दिवसा एकदम फिका पडला आणि तोंड उघडून बसला तर तो तापलाय, ताबडतोब दिवा बंद करून तुषार मारायचे. व्हेल्ड मादी पोटुशी राहिली की गडद हिरवी काळपट होते आणि अंगावर पिवळे निळे ठिपके येतात, पँथर मादी काळपट तपकिरी होते आणि त्यावर फिके केशरी पट्टे उमटतात. हा आजार नाही, पण या खुणा दिसल्या की तिला खणायला ओलसर वाळूमातीचा निदान २५-३० सेंटिमीटर खोल डबा लागतोच लागतो, कारण नर कधी पाहिलाच नसला तरी ती अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून जीव जाऊ शकतो.

रात्रीची टॉर्च

कायमचे डाग ओळखायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे तो झोपलेला असताना. गाढ झोपेत कॅमेलियन फिका पडतो, फिकट हिरवा, पिवळसर, कधी अगदी पांढुरका, सगळे मूडचे रंग उतरलेले असतात आणि अशा वेळी मंद टॉर्च लांबून दोन-चार सेकंद फिरवली की खरा डाग लगेच नजरेत भरतो. दिवसा पट्ट्यांमधे लपलेला मुगाएवढा तपकिरी ठिपका रात्री अगदी स्पष्ट दिसतो. रोज उठवायचं नाही, आठवड्यातून एकदा पुरे, आणि काही दिसलं तर फोटो काढून ठेवायचा म्हणजे पुढच्या वेळी वाढलं की तेवढंच आहे ते कळतं. माझ्या मते ज्याच्याकडे असे जुने फोटो आहेत त्याचं निम्मं काम झालेलं असतं, डॉक्टरलाही त्याचा फार उपयोग होतो.

कात

कॅमेलियनची कात सापासारखी अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते. आधी रंग मंद होतो, मग कातडीवर पांढुरका पापुद्रा दिसतो आणि तो फांद्यांना अंग घासायला लागतो. पिल्लं भराभर वाढतात म्हणून वरचेवर कात टाकतात, मोठे झाल्यावर अंतर वाढत जातं. एक-दोन दिवस खाणं कमी झालं तरी हरकत नाही. या काळात काही जण हौसेने कात सोलून काढतात ते अजिबात करू नये, खालची कातडी अजून तयार नसते आणि तिथे जखम होते. तुषार थोडे वाढवायचे, बाकी त्याचं त्याला करू द्यायचं.

लक्ष कुठे द्यायचं तर बोटं आणि शेपटीचं टोक. तिथे जुनी कात अंगठीसारखी अडकून राहते, सुकली की आवळते, रक्त पुढे जात नाही आणि पुढचा भाग काळा पडून गळतो. दोन कातींचे थर एकावर एक दिसले तर ओल कमी पडतेय, किंवा शरीरात अ जीवनसत्त्व कमी असू शकतं, त्यात पापण्या पण सुजतात. इथे एक सांगायला हवं, झोपायच्या आधी कॅमेलियन कधीकधी डोळा फुग्यासारखा फुगवून गोल फिरवतो, तो डोळा साफ करत असतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. दिवसा डोळे मिटून बसणं मात्र कधीच साधं नसतं.

न जाणारे डाग

सगळ्यात जास्त दिसतं ते भाजणं. शेकायचा दिवा फार जवळ असला तर कॅमेलियन वेळेत बाजूला होत नाही, कातडी भाजेपर्यंत तिथेच बसतो. डाग तुऱ्यावर किंवा पाठीच्या कण्यावर येतो, पहिल्या दिवशी नुसता फिका किंवा वेगळ्याच रंगाचा पट्टा दिसतो आणि मग एक-दोन दिवसांत तपकिरी, काळा, खपलीचा होतो. बरा झाला तरी तिथल्या रंगाच्या पेशी बहुतेक वेळा परत येत नाहीत, व्रण राहतो. यात चूक एकच असते, तापमान फांदीवर मोजलं जातं आणि पाठ असते फांदीच्या कितीतरी वर, तुरा त्याहून वर, म्हणून थर्मामीटर धरायचा तो पाठीच्या उंचीला.

बुरशीचा संसर्ग सुरुवातीला अगदी भाजल्यासारखाच दिसू शकतो आणि तिथेच फसगत होते. नॅनिझिऑप्सिस गटातली बुरशी कॅमेलियनमधे आढळलेली आहे, बारीक फोड किंवा पिवळट तपकिरी खपली अशी सुरुवात, मग काळं पडत पसरत जाणं, पुढे स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. फरक ओळखायला सोपी खूण म्हणजे भाजलेला डाग वरच्या बाजूला, दिव्याकडे असतो आणि एकदा खपली धरली की सहसा पसरत नाही. पोटावर, पायावर, जबड्याखाली डाग असेल आणि नवीन जागी दुसरा उठला तर ते भाजणं नव्हे. घरी मलम लावून वाट बघण्यात दिवस घालवू नयेत, कातडीचा तुकडा तपासूनच निदान होतं आणि औषध कित्येक आठवडे, कधी महिने चालतं.

गाठ असेल तर ती बहुधा गळू असते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरला चिरून काढावा लागतो. जबड्याच्या कोपऱ्यात आणि पायाच्या तळव्याला हे जास्त दिसतं. जंगलातून पकडून आणलेल्या कॅमेलियनमधे कधीकधी कातडीखाली दोऱ्यासारखी वळवळणारी रेघ दिसते, तो खरंच जंत असतो, फोलेयेला नावाचा, डासांमार्फत पसरणारा. डॉक्टर छोटा छेद देऊन तो ओढून काढतात. बहुतेक कॅमेलियन जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधे आहेत, त्यामुळे कागदपत्रांशिवाय आणि जंगलातून पकडलेला प्राणी घेऊच नये, कायद्यासाठीही आणि त्याच्या जिवासाठीही.

मान आणि गळ्याभोवती पाण्याने फुगल्यासारखी सूज आली तर आधी खाण्यातून दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या पावडरींचा हिशोब बघायचा, त्यांचा अतिरेक हे एक नेहमीचं कारण, पण मूत्रपिंडाचा त्रासही असू शकतो.

कातडी निरोगी ठेवणारी देखभाल

जाळीचा उंच पिंजरा, मोठ्या प्राण्याला साधारण ६० बाय ६० बाय १२० सेंटिमीटर, आत खरी झाडं, आणि एका पिंजऱ्यात एकच प्राणी. व्हेल्ड नराला शेकायच्या जागी २९ ते ३२ अंश सेल्सिअस, मादीला त्याहून थोडं कमी कारण उष्णता आणि खाणं जास्त झालं की ती अंडी भरमसाट घालते. जॅक्सन्सला हे सगळंच फार होतं, तो थंड डोंगरातला प्राणी आहे आणि त्याला रात्री चांगला गारवा लागतो. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब रोज सुमारे १२ तास. तिचा उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी हळूहळू संपत जातं, म्हणून ६ ते १२ महिन्यांत बदलायची, आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन धरायचं नाही कारण काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. यूव्हीबी किंवा कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही.

वाटीतलं पाणी कॅमेलियन सहसा पीतच नाही, पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे तुषार आणि ठिबक दोन्ही हवं. व्हेल्ड आणि पँथरला रात्री ओल भरपूर, ८० टक्क्यांच्या वर, आणि दिवसा पिंजरा कोरडा व्हायला वेळ, कारण चोवीस तास ओलं गरम राहिलं की कातडी आणि फुफ्फुसं दोन्ही बिघडतात. पाणी पुरतंय का ते विष्ठेबरोबरच्या युरेटवर, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीवर कळतं, पांढरा असला तर ठीक, केशरी झाला तर कमी पडतंय. डोळे आत गेले असतील तर बरंच कमी पडलंय.

खाण्यात क्रिकेट म्हणजे रातकिडे, झुरळांच्या पाळीव जाती, रेशीमकिडे आलटून पालटून, किडा डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. किड्यांना आधी पालेभाज्या खाऊ घालायच्या, देताना साध्या कॅल्शियमची हलकी पावडर, आणि डी३ व जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून साधारण दोनदा. उरलेले क्रिकेट रात्री पिंजऱ्यात सोडून द्यायचे नाहीत, ते झोपलेल्या कॅमेलियनला चावतात आणि सकाळी बारीक काळे ठिपके दिसतात ज्यांचं कारण शोधत माणूस हैराण होतो.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेलाच हवा, आणि प्राणी आजारी पडायच्या आधीच शोधून ठेवलेला बरा. डाग पसरतोय, ओला आहे, वास येतोय, किंवा डागाबरोबर खाणं सुटलंय, पकड सैल झालीय, असं असेल तर त्याच दिवशी जायचं. जाताना जुने फोटो, पिंजऱ्याचा दिव्यासकट फोटो, ताजी विष्ठा आणि वजनाची नोंद बरोबर न्यायची. वजन घ्यायला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि त्यावर ठेवलेली एक छोटी फांदी पुरते, हातात धरावं पण लागत नाही, तो स्वतः चढून बसतो. प्राण्याला किंवा पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण दिसायला पूर्ण निरोगी कॅमेलियनही साल्मोनेला नावाचे माणसाला आजारी पाडणारे जंतू बाळगून असू शकतो.