राउट व्ही४ चा की व्ही६ चा, हे नक्की कुणाला विचारायचं?

इंटरनेटवरचे राउटर एकमेकांना सतत सांगत असतात की अमुक पत्त्यांकडे जायचंय ना, मग माझ्याकडे पाठवा, मी पोचवतो. सांगितलेलं सगळंच मान्य केलं तर वाटच लागेल, म्हणून मध्ये फिल्टर बसवतात, एक छोटा प्रोग्रॅम जो असा प्रत्येक राउट, म्हणजे सांगितलेली वाट, बघून घ्यायचा की टाकायचा ते ठरवतो. 'बर्ड' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर प्रागच्या चार्ल्स युनिव्हर्सिटीत सुरू झालं, आता चेक रिपब्लिकची सीझेड-निक संस्था सांभाळते, आणि त्यात फिल्टर लिहायला स्वतःची भाषाच आहे. पूर्वी आयपी व्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) ला एक बर्ड आणि व्ही६ (नवी पद्धत) ला दुसरा चालवावा लागायचा त्यामुळे राउट कुठला हा प्रश्न फिल्टरला पडायचाच नाही, पण २०१७ च्या शेवटी २.० आलं आणि दोघं एकाच प्रोसेसमध्ये आले.

आता गंमत बघा. स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट पक्के आहेत ते. व्ही४ मध्ये साधारण /२४ पेक्षा बारीक तुकडे कोणी घेत नाही, व्ही६ मध्ये ती हद्द /४८. आता व्हर्जन न बघताच '२४ पेक्षा मोठा आकडा असेल तर टाका' असं लिहिलं की व्ही६ चे जवळपास सगळेच राउट गायब, कारण तिथे /३२ आणि /४८ रोजचेच. उलट ४८ ची अट व्ही४ ला लावली तर ती कधी लागूच होणार नाही, व्ही४ पत्ता मुळात ३२ बिटांचा. हे जास्त वाईट, कारण एरर येत नाही आणि कचरा आरामात आत येतो.

बर्डमध्ये सुट्ट्या पत्त्यासाठी एकच टाइप आहे, १२८ बिटांचा. व्ही४ पत्ता त्यात ८० शून्यं, मग १६ एक आणि शेवटी खरे ३२ बिट असा ठेवतात. त्यामुळे नुसत्या साइझवरून काही कळत नाही, 'इज व्ही४' असं विचारावं लागतं आणि उत्तर हो किंवा नाही.

पण विचारायचं कुणाला? बरेच जण नेक्स्ट हॉपला विचारतात, म्हणजे पॅकेट पुढे ज्या राउटरकडे द्यायचं त्याच्या पत्त्याला. पण बीजीपीमध्ये, म्हणजे राउटर ज्या भाषेत एकमेकांना राउट सांगतात तिच्यात, व्ही४ राउटचा नेक्स्ट हॉप व्ही६ पत्ता असू शकतो, २००९ पासून तसं स्टँडर्डच आहे, आणि शेजारच्या राउटरशी सेशन (जोडणी) व्ही६ वर असलं तरी त्यातून व्ही४ चे राउट येऊ शकतात. म्हणून विचारायचं ते राउटच्या नेटवर्कलाच, म्हणजे तो ज्या पत्त्यांकडे नेतो त्या गटाला, त्याचा टाइप काय म्हणून. तिथेही 'व्ही४ नाही म्हणजे व्ही६' असं धरू नका, व्हीपीएन (खासगी नेटवर्क) आणि फ्लोस्पेक (ट्रॅफिक गाळायचे नियम) यांचे टाइप वेगळे असतात, तेव्हा व्ही४ आणि व्ही६ दोन्ही टाइपची नावं स्पष्ट लिहा आणि उरलेलं सरळ रिजेक्ट करा.