पार्श्वभूमी : पॅलेस्टिनी निर्वासित आणि अकरावा परिच्छेद

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. प्रत्येकाला स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे, असं त्यातलं १३वं कलम सांगतं. दुसऱ्याच दिवशी त्याच आमसभेत ठराव १९४ संमत झाला. ज्या निर्वासितांना घरी परतून शेजाऱ्यांसोबत शांततेने राहायचंय, त्यांना शक्य तितक्या लवकर परतू द्यावं. ज्यांना परतायचं नाही, त्यांना मालमत्तेची भरपाई मिळावी, असं त्याचा ११वा परिच्छेद म्हणतो. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हक्कांचा सगळा वाद आजही या परिच्छेदाशी येऊन थांबतो.

या परिच्छेदामागे संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्क बर्नाडोट यांचा अहवाल होता. निर्वासितांचा परतण्याचा हक्क मान्य झालाच पाहिजे, असं त्यांनी १६ सप्टेंबर १९४८च्या अहवालात लिहिलं. दुसऱ्या दिवशी जेरुसलेममध्ये लेही या कट्टर ज्यू संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांची हत्या केली. तोवर इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात लिद्दा, रामला, हैफा, याफा या शहरांतली बहुतेक अरब वस्ती आणि शेकडो खेडी रिकामी झाली होती. कुणाला सैन्याने हाकललं, कुणी जीव वाचवायला पळालं. त्या युद्धात सात लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. पॅलेस्टिनी लोक त्याला ‘नकबा’ म्हणतात, म्हणजे महासंकट. बरेच जण दाराला कुलूप लावून, किल्ली सोबत घेऊन निघाले होते. त्या किल्ल्या आजही छावण्यांमधल्या घरांत जपून ठेवलेल्या सापडतात.

पुढे काय चुकलं ते समजायला दोन संस्था वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. ठराव १९४नेच एक समेट आयोग नेमला : अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान. घरवापसी, पुनर्वसन, भरपाई हे त्याचं काम. वर्षभराने, ८ डिसेंबर १९४९ला, ठराव ३०२ने ‘अन्रवा’ ही मदतसंस्था उभी केली. तिचं काम रेशन, दवाखाने, शाळा. एकीने हक्क मिळवून द्यायचे, दुसरीने तोवर माणसं जगवायची, अशी ही विभागणी होती. १९४९च्या लोझान परिषदेत इस्रायलने एक लाख लोकांना घेण्याची तयारी दाखवली, पण बोलणी फिसकटली आणि पन्नाशीच्या दशकातच आयोग थंडावला. हक्कांचं काम करणारं कुणी उरलं नाही. माझ्या मते या प्रश्नाच्या कायदेशीर इतिहासातली सगळ्यात मोठी पडझड हीच.

कारण १९५१चा निर्वासित करार झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या संस्थेकडून संरक्षण किंवा मदत घेणाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं. तेच कलम १ड. पॅलेस्टिनींची जबाबदारी वेगळी, ती थेट संयुक्त राष्ट्रांची, असा त्यामागचा विचार होता; अरब देशांचाही तसाच आग्रह होता. पण त्याच कलमात पुढचं वाक्य आहे, आणि ते नेहमी मागे पडतं : ती मदत कोणत्याही कारणाने थांबली आणि प्रश्न सुटलेला नसेल, तर या माणसांना कराराचे सगळे लाभ आपोआप मिळतील. २०१२मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने पॅलेस्टिनी निर्वासितांच्या एल कोट खटल्यात याच वाक्याचा आधार घेतला.

इकडे इस्रायलमध्ये १९५०च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्याने गेलेल्यांची घरं-जमिनी सरकारजमा झाल्या. त्याच वर्षीच्या ‘परतण्याच्या कायद्या’ने जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला तिथे येऊन वसण्याचा हक्क दिला. इक्रितची गोष्ट तर सीमा न ओलांडलेल्यांची. लेबनॉनच्या सीमेजवळच्या या ख्रिस्ती गावातल्या लोकांना नोव्हेंबर १९४८मध्ये ‘दोन आठवड्यांसाठी’ गाव सोडायला सांगितलं. ते इस्रायलचेच नागरिक. जुलै १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण नाताळच्या आदल्या दिवशी लष्कराने घरं सुरुंगाने उडवली. चर्च आणि दफनभूमी तेवढी राहिली. त्या गावचे लोक आजही आपली माणसं तिथेच पुरतात.

इस्रायलची बाजूही नोंदवायला हवी : आमसभेचा ठराव शिफारशीपुरता असतो, सगळे परतले तर ज्यू बहुसंख्य राहणार नाहीत, आणि अरब देशांतून लाखो ज्यूंनाही घरं सोडावी लागली. शेवटचा मुद्दा खरा आहे, त्यांनाही न्याय मिळायला हवा. पण त्यांच्यावरच्या अन्यायाची किंमत गॅलिलीतल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याने का मोजायची?

निर्वासितांसाठी कायमचे मार्ग तीन मानले जातात : मायदेशी परतणं, आसऱ्याच्या देशात सामावून जाणं किंवा तिसऱ्या देशात वसणं. निवड माणसाची, हे त्यातलं मर्म. पॅलेस्टिनींच्या वाट्याला मात्र जिथे पोचलो तिथला कायदा आला. जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिलं. सीरियाने १९५६च्या कायद्याने नागरिकत्व वगळून जवळपास सगळं दिलं. लेबनॉनमध्ये अनेक व्यवसाय बंद, आणि २००१पासून घर विकत घेणंही. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९३च्या ऑस्लो कराराने निर्वासितांचा प्रश्न वाटाघाटींच्या ‘अंतिम टप्प्या’वर ढकलला, तिथेही तोडगा निघाला नाही.

आज अन्रवाकडे सुमारे ५९ लाख लोकांची नोंद आहे, ५८ मान्यताप्राप्त छावण्या आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये इस्रायलच्या संसदेने या संस्थेला आपल्या हद्दीत काम करायला बंदी घातली. त्यामुळे कलम १डमधलं ते मागे पडलेलं वाक्य पुन्हा महत्त्वाचं झालंय. संस्था बंद केली म्हणजे निर्वासित संपले, असं मानणाऱ्यांनी ते नीट वाचावं.

समेट आयोग कागदावर अजून आहे. १९६४पर्यंत त्याने सोडून आलेल्या जमिनींची मोजदाद पूर्ण केली : साडेचार लाखांच्या आसपास नोंदपत्रं, प्रत्येकावर जमिनीचा एक तुकडा, मालकाचं नाव, क्षेत्रफळ. ते न्यूयॉर्कला जपून ठेवलेत. आयोग दरवर्षी आमसभेला अहवाल देतो. गेल्या अहवालानंतर सांगण्यासारखं नवीन काही नाही, असं त्यात लिहिलेलं असतं.