उष्माघात व शीतबाधा : सैनिकी मैदानी प्रशिक्षणातील उपचार

कवायत, धाव किंवा पिट्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) बांधून केलेली लांब वाटचाल यांत शरीराचे तापमान ताब्याबाहेर गेल्याने होणाऱ्या इजा आणि त्यांवरील तातडीचे उपचार. ग्वाल्हेरात या दोन्ही इजांची गाठ एकाच मैदानावर पडते. मे-जूनमध्ये लू वाहते आणि पारा ४५° सें.च्या पुढे जातो, तर पौषातल्या धुक्याच्या पहाटे तो ५° सें.च्या खाली उतरतो. मुरारची छावणी, महिलांची एनसीसी अधिकारी प्रशिक्षण अकादमी आणि टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी याच हवेत आहेत.

ऊन लागून घरातली म्हातारी माणसे आजारी पडतात, तसा जवानाचा उष्माघात नसतो. त्याची उष्णता मुख्यतः आतून, राबणाऱ्या स्नायूंतून येते. म्हणून तो सकाळी सातच्या धावेतही होऊ शकतो. शरीराच्या आतले तापमान ४०° सें.च्या वर आणि जोडीला मेंदूचा बिघाड, ही त्याची ओळख. जवान भलतेच बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, कोसळतो. ‘अंग कोरडे पडले तरच उष्माघात’ ही समजूत घातक आहे, कारण अशा जवानाचे अंग बहुधा घामाने निथळत असते. काखेत लावलेला थर्मामीटरही फसवतो. खरे माप गुदद्वारातून मिळते.

उपचाराचा क्रम पक्का आहे : आधी गार करणे, मग हलवणे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९° सें.च्या आसपास आणायचे असते. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात तो वेळ घालवला, तर यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांना इजा होते. बर्फाच्या पाण्याने भरलेला हौद सर्वांत उत्तम. तो नसेल तर ताडपत्री पुरते. जवानाला तिच्यावर निजवून चौघापाचजणांनी कडा उचलून धरायच्या, झोळीत बर्फ-पाण्याच्या बादल्या रित्या करायच्या आणि पाणी त्याच्या अंगावरून सतत हिंदकळत ठेवायचे. एकाने फक्त डोके सांभाळायचे, नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचे नाही. तेही जमत नसेल तर ओली चादर आणि जोराचा वारा. ग्वाल्हेरच्या कोरड्या मे महिन्यात पाणी झपाट्याने उडत असल्याने याचा चांगला उपयोग होतो, आषाढाच्या दमट उकाड्यात फारसा नाही. पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप नव्हे, आणि त्या गोळीने ही उष्णता उतरत नाही.

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या मराठी घरांतले मीठ-गूळ घातलेले कैरीचे पन्हे थकवा आणि पायात गोळे येणे यांवर चांगले. मात्र शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये. खिशातल्या कांद्यावर विसंबून तर कुणीच राहू नये. नुसते पाणीही बेसुमार पिऊ नये : ताशी दीड लिटरच्या वर गेल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि त्यानेही झटके येतात.

प्रतिबंधाचा पाया म्हणजे हवेची सवय. नव्या रंगरुटाला ती लागायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. जुलाब, ताप किंवा जागरण झालेल्याला त्या दिवशी धावायला लावू नये, आणि भर दुपारचा रगडा (शिक्षेची कवायत) तर नकोच. मन खंबीर असले की ऊन सोसते, असे मानणाऱ्या उस्तादाच्या (कवायत शिकवणाऱ्याच्या) हाताखाली धोका वाढतो, कारण जिद्दीचा मुलगा थांबा म्हटल्याशिवाय थांबत नाही.

शीतबाधेत अंगातले तापमान ३५° सें.च्या खाली जाते. इथे पाणी गोठवणारी थंडी क्वचितच पडते. घात होतो तो घामाने भिजलेल्या कपड्यांत धुक्यात बसून राहिल्याने. हुडहुडी भरणे हे शरीर झगडत असल्याचे लक्षण आहे. अंग गारच असताना हुडहुडी थांबली, तर प्रकृती बिघडली असे समजावे. ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे, ऊब आधी छातीपोटाला द्यावी आणि रुग्णाला हळुवार उचलावे. गारठलेले हृदय धक्क्याने बिनसते. रम प्यायल्याने ऊब आल्याचे भासते, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता उलट बाहेर जाते.

हिमदाह (थंडीने बोटे किंवा पाय गोठणे) ही लडाख आणि सियाचेनची इजा. इथे शिकलेल्यांतले काही पुढे तिकडे जातात, म्हणून तिचे उपचारही इथेच शिकवायला हवेत. पांढरे, बधिर झालेले बोट चोळू नये, बर्फ लावू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. ३७° ते ३९° सें.च्या पाण्यात ते बुडवून ठेवावे, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. वितळून पुन्हा गोठलेले बोट बहुधा वाचत नाही, त्यामुळे तळावर पोचेपर्यंत गोठल्या पायाने चालत राहणे अधिक बरे.