गाडी नेमकी कधी बंद पडते?

बेळगावच्या गॅरेजांत हल्ली गाडीचा दोष वाचणारा स्कॅनर आला आहे, पण मुरलेला मिस्त्री वायर जोडण्याआधी विचारतो, "कधी बंद पडायलीय?" हाच प्रश्न महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि वेळेवर ठिणगी लागते. यातलं काय तुटतं, हे बहुधा बंद पडण्याच्या वेळेवरूनच कळतं.

गोगटे सर्कलच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच इंजिन गप्प होत असेल, तर संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावर. एक ग्रॅम पेट्रोल जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. थ्रॉटलची झडप मिटलेली असताना ही हवा बारीक फटीतून येते. तिथं काजळी साचली की हवा अपुरी पडते, त्यात एसीचा भार. साफसफाईनं बहुतेकदा भागतं.

चोर्ला घाटात चढावर गाडी आधी गचके देते, ओढ कमी होते, मग थांबते, तेव्हा इंधन कमी पडत असतं. तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. रिझर्व्हवर घाट चढण्याची हौस त्याला महागात पडते.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. गाडी तासभर छान चालते, एकदम बंद पडते, अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू होते. इथं क्रँक सेन्सर तपासावा. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा दांडा. त्यासोबत फिरणाऱ्या दातेरी चाकावरून पिस्टन कुठं आहे ते हा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कळवतो. जुन्या सेन्सरमधली बारीक तार तापून प्रसरण पावते, चीर उघडते, संदेश तुटतो. पिस्टनचा पत्ताच नाही म्हटल्यावर ईसीयू ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो. गार झाल्यावर तार पुन्हा जुळते, त्यामुळं गॅरेजात पोचेपर्यंत दोष गायब! म्हणून बंद पडल्या पडल्या स्टार्टर मारताना आरपीएमचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा पाहावा. तो शून्यावरून हललाच नाही, तर बऱ्याच गाड्यांत सेन्सरवरचा संशय पक्का होतो. असं असताना उगाच पंप बदलून देणारे भेटतात, ते सोडा.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसात टाकीत पाणी शिरलं, तर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यासोबत तळाशी उतरतं आणि पंप आधी तेच ओढतो. अशा वेळी टाकी रिकामी करणं हाच उपाय.

उतारावर इंजिन बंद पडलं, तर ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक पंप करत बसू नये. एकदाच ठाम दाबून गाडी कडेला घ्यावी. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. चावी मात्र काढू नये, स्टिअरिंग लॉक होतं.