फाइल उघडते, तरी मराठी का बिघडते?

कोकणातली बरीच छपाई दोन गावांत मिळून होते. गणेशोत्सवाचा अहवाल किंवा जत्रेची पत्रिका मुंबईत चाकरमानी करून घेतात आणि ती छापली जाते कणकवली, रत्नागिरी, चिपळूणच्या प्रेसमध्ये. म्हणजे फाइल बनते एका संगणकावर आणि उघडते दुसऱ्यावर. आवृत्तीचा घोळ इथेच होतो, आणि मराठीत तो दुहेरी असतो.

पहिला घोळ प्रोग्रॅमचा. कोरलड्रॉ या चित्रे आणि मजकूर मांडायच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून 'सेव्ह अ‍ॅज' करताना 'व्हर्जन'च्या रकान्यात प्रेसकडची आवृत्ती निवडावी लागते. पेजमेकर या पाने जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमचे दुखणे वेगळे: ७.० ही त्याची २००१ मधली शेवटची आवृत्ती, आणि त्याच्या फाइल थेट उघडणारा त्याच कामाचा नवा प्रोग्रॅम इनडिझाइन, तोही सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. वर्ड २००७ पासून 'डॉक'ऐवजी 'डॉकएक्स' हा फाइलचा प्रकार आला. निदान अशा वेळी संगणक 'फाइल उघडत नाही' असे सांगतो तरी.

दुसरा घोळ फॉन्टचा, आणि तो गुपचूप होतो. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती मंगल फॉन्टसह आली विंडोज २००० मध्ये. तोवर प्रेसचे काम श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टवर बसले होते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर मजकुराची इंग्रजी खिचडी दिसते. उलट, युनिकोड मजकूर पेजमेकरमध्ये चिकटवला तर प्रश्नचिन्हांची रांग येते. जुन्या कोरलमध्ये 'चिपळूण'ची पहिली वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली दिसतात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरला तरी मजकूर तपासावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. ही उलटापालट करताना 'किनाऱ्यावर'चे 'किनार्यावर' होते. ऱ्य, ऱ्ह, द्ध, श्र आणि अवतरणचिन्हे शोधून पाहावीत. आडनावे आणि गावांची नावे तर एकेक वाचावीत; देणगीदाराचे नाव चुकीचे छापले गेले की ते वर्षभर गावात फिरते.

म्हणूनच प्रेसवाले 'कर्व्ह करून पाठवा' म्हणतात. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांची चित्रे होतात आणि फॉन्टची गरज उरत नाही. मात्र नंतर एक काना दुरुस्त करायचा तरी मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो. तेव्हा आधी प्रूफ वाचून घ्यावे, कर्व्ह केलेली फाइल वेगळ्या नावाने जतन करावी, सोबत फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच सामावलेली, पीडीएफ द्यावी. मूळ फाइलच्या नावातच आवृत्ती आणि फॉन्ट लिहावा: 'अहवाल-एक्स७-श्रीलिपी' (एक्स७ ही कोरलड्रॉची आवृत्ती). पुढच्या वर्षी तीच फाइल काढायची असते.